८,५०० चा अंदाज, २३,३६४ चं बिल

बी-७०४ · रात्री ९.०६
नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. गाडीच्या सर्व्हिसिंगवरून भांडण झालंय, सल्ला हवाय. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेहमीच्या पेड सर्व्हिससाठी गाडी दिली होती. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आवाज येतो, तेवढा बघा म्हणून सांगितलं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, साडेआठ हजारांच्या आसपास जाईल. आज संध्याकाळी घ्यायला गेले तर बिल २३,३६४. विचारलं तर म्हणतात, “तुमच्या मिस्टरांना फोन केला होता.” फोन आला होता हे खरं आहे. पण “सस्पेन्शनचं थोडं काम निघालंय, करून टाकू ना?” एवढंच विचारलं, आकडा सांगितलाच नाही. पूर्ण पैसे भरल्याशिवाय गेटपास देत नाहीत. गाडी तिथेच ठेवून आले. परवा आईला तपासणीला न्यायचंय.

सी-३०२ · ९.०९
आमच्याकडे मागच्या दिवाळीत अगदी हेच झालं. वाद नको म्हणून भरून टाकले. अजून मनातून जात नाही.

ए-६०२ · ९.११
ताई, नाव टाका इथे. सगळे मिळून एक-एक स्टार देऊ. लुटारू आहेत हे.

सेक्रेटरी · ९.१२
नाव सध्या ग्रुपवर नको. आधी कागद बघू.

सी-५०५ · ९.१५
सेक्रेटरींचं बरोबर आहे. रिव्ह्यू लिहायचा तर नंतर, आणि कागदावर दाखवता येईल तेवढाच: तोंडी अंदाज इतका, बिल इतकं, लेखी मंजुरी नाही. “लुटारू”, “चोर” लिहिलंत की बदनामीची नोटीस आपल्याच दारात येते, आणि मूळ तक्रार बाजूला राहते. ताई, जॉबकार्ड, म्हणजे गाडी देताना काय काम करायचं ते लिहिलेला कागद, आहे का? सही कशावर केलीत?

बी-७०४ · ९.१७
वहिनी, आहे. सही माझी आहे. त्यावर “पेड सर्व्हिस, पुढचा आवाज तपासणे” एवढंच. अंदाजे खर्चाचा रकाना कोरा आहे.

सी-५०५ · ९.१८
कोरा रकाना ही तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मूळ प्रत जपून ठेवा.

ए-२०१ · ९.२०
बिलाचा फोटो टाक गं. प्रत्येक ओळ वाचता येईल असा.

बी-७०४ · ९.२६
काका, फोटो धूसर येतोय, लिहूनच देते.
इंजिन ऑइल आणि तिन्ही फिल्टर ४,९००
सर्व्हिस लेबर २,२००
लोअर आर्म दोन ५,३००
लिंक रॉड दोन १,७००
त्याचं लेबर १,८००
अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,०००
थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९५०
एसी इव्हॅपोरेटर क्लीनिंग १,२५०
इंजिन फ्लश ७००
एकूण १९,८०० आणि त्यावर जीएसटी ३,५६४.

ए-४०१ · ९.२८
पार्टवर २८ टक्के लागतात ना? हे तर सरसकट १८ दिसतंय.

ए-२०१ · ९.३०
२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर १८ च आहे. लेबरवर आधीपासून १८. टॅक्सचा हिशेब त्यांनी बरोबर लावलाय.

ए-२०१ · ९.४४
आता नीट वाच. माझं सगळं आयुष्य कारखान्यात सस्पेन्शनच्या कामात गेलं, म्हणून सांगतो. या बिलात तीन वेगळी बिलं आहेत.

पहिलं, ऑइल, फिल्टर आणि सर्व्हिस लेबर. ७,१००, टॅक्ससकट ८,३७८. तुला सांगितलेले साडेआठ हजार ते हेच. इथे वाद घालू नकोस.

दुसरं, सस्पेन्शन. आर्म, लिंक रॉड, लेबर, अलाइनमेंट मिळून ९,८००, टॅक्ससकट ११,५६४. खरा प्रश्न इथे आहे. खड्ड्यात पुढून खडखड आली की पहिला संशय लिंक रॉडवर. स्वस्त पार्ट असतो, त्याचा बॉल झिजतो आणि वाजायला लागतो. त्यानंतर लोअर आर्मचं, म्हणजे चाक खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याचं, बुश (सांध्यातलं रबर) आणि बॉल जॉइंट. त्यानंतर वरचं स्ट्रट माउंटिंग. चांगला मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेतो, पहार लावून एकेक सांधा हलवून बघतो आणि मग बोलतो. नुसत्या लिंक रॉडने आवाज जात असेल तर ५,३०० चे आर्म कशाला? आणि आर्मचं फक्त बुश गेलं असेल तर पुष्कळ गाड्यांमध्ये प्रेसवर नवीन बुश बसवता येतं. सर्व्हिस सेंटरवाले ते करत बसत नाहीत, अख्खी असेंब्ली बदलतात. पण बॉल जॉइंट सैल झाला असेल, तर मात्र बदललं ते योग्य केलं. तो चालत्या गाडीत निखळला तर चाक आडवं होतं. तिथे पैशाकडे बघायचं नाही.

अलाइनमेंटचे हजार सोडून दे. आर्म बदलल्यावर ते करावंच लागतं, नाहीतर टायर एका बाजूने खातो.

तिसरं, थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप), इव्हॅपोरेटर (एसीचा हवा गार करणारा भाग) आणि फ्लश (इंजिन आतून धुणं). २,९००, टॅक्ससकट ३,४२२. गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, आरपीएम वर-खाली होतो, असं काही सांगितलं होतंस? एसीतून कुबट वास येतो म्हणालीस?

बी-७०४ · ९.४६
नाही काका. एसी उत्तम आहे. इंजिनची काहीच तक्रार नव्हती.

ए-२०१ · ९.४९
मग हे तीनही न विचारता चढवलेले आहेत. गाडीच्या पुस्तकात मेंटेनन्सचा तक्ता असतो, किती किलोमीटरला काय करायचं ते. ते पान सोबत घे. फ्लश त्या तक्त्यात नसेल तर सरळ विचार, कंपनीने सांगितलेलं नाही ते तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून केलंत?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुने पार्ट माग. दोन्ही आर्म, दोन्ही लिंक रॉड. ते तुझे आहेत. विम्याच्या क्लेममध्ये जुना पार्ट विमा कंपनी भंगार म्हणून हिशेबात धरते. इथे पैसे तू भरतेस, त्यामुळे वस्तू तुझी. “भंगारात गेले” म्हणाले तर तेच ईमेलवर लिहून माग.

बी-१०३ · ९.५८
माझ्या भावाचं गॅरेज आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. राग मानू नका. गाडी देताना निम्मे लोक म्हणतात, “काय असेल ते करून टाका, मला गाडी ठणठणीत हवी.” उघडल्यावर खरंच जास्त काम निघतं. फोन करावा तर मीटिंगमध्ये असतात, आणि बिल बघून म्हणतात, आम्ही कुठे सांगितलं होतं. भावाने आता नियमच केलाय. तुटलेल्या पार्टचा व्हिडिओ आणि आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, तिकडून “करा” असं लिहून आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. काम एखादा दिवस लांबतं, पण बिलावरून भांडण होत नाही.

ताईंच्या बाबतीत मात्र सेंटरचं चुकलंय. तोंडी विचारलं तरी आकडा सांगायला हवा होता. क्लीनिंगच्या त्या तीन ओळी जवळपास प्रत्येक गाडीच्या बिलावर दिसतात. अ‍ॅडव्हायझरवर वरून टार्गेट असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

सी-३०२ · १०.०१
मग बाहेरच्या गॅरेजलाच द्यावी ना? पण वॉरंटी जाते म्हणतात.

बी-१०३ · १०.०५
बाहेर एकदा काम केलं म्हणून अख्खी वॉरंटी रद्द, हे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ सालीच मान्य केलेलं नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. मूळ पार्ट आणि निदानाची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, म्हणून. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं त्या आदेशात होतं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, बरीच वर्षं लढाई चालली. भावासारख्यांना आजही काही गाड्यांचे कोड उघडता येत नाहीत. गिऱ्हाईक अडकतं ते त्यामुळेच.

बी-७०४ · १०.०८
सगळं पटतंय. पण गाडी त्यांच्या ताब्यात आहे, ते अडवून कसे धरू शकतात? पोलिसात जाऊ का?

सी-५०५ · १०.२१
पोलिसात जाऊन फारसं हाती लागणार नाही, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. गाडी अडवण्याबद्दल स्पष्ट सांगते, कारण इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. एखाद्याने आपल्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजे ऑइल बदललं त्याचे पैसे न देता गाडी मागता येणार नाही. हा हक्क आपण सोपवलेल्या कामापुरता आहे. न सांगितलेल्या फ्लशसाठी गाडी अडवणं टिकणारं नाही. पण हे गेटवर उभं राहून सिद्ध होत नाही, आणि गाडी तिथे पडून राहिली की पार्किंगचा आकार लावतो म्हणणारेही भेटतात.

म्हणून उद्या असं करा. आधी आज रात्रीच सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा. तोंडी अंदाज, जॉबकार्डवरचा कोरा रकाना, फोनवर न सांगितलेला आकडा, तीन अनावश्यक कामं, जुन्या पार्टची मागणी, सगळं क्रमाने. भाषा साधी ठेवा. उद्या प्रत्यक्ष भेटा. त्यांनी ऐकलं तर सुधारित बिल घ्या. नाहीच ऐकलं तर पैसे भरा आणि गाडी घेऊन या, पण रोख नको, ऑनलाइन भरा. त्याच मिनिटाला ईमेल करा की ही रक्कम हरकत कायम ठेवून, गाडी सोडवण्यापुरती भरत आहे.

आणि गेटपास वाचल्याशिवाय सही करू नका. “काम समाधानकारक झाले” अशी ओळ बारीक अक्षरात छापलेली असते. ती खोडा, शेजारी “हरकतीसह” लिहा, मग सही करा. या एका ओळीने पुढे फार नुकसान होतं.

ए-६०२ · १०.२४
पैसे भरल्यावर मग काय उरतं वहिनी? ते कशाला परत देतील?

सी-५०५ · १०.३३
उरतं. हरकत नोंदवून भरलेले पैसे परत मागता येतात. पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, आणि लहान रकमा बऱ्याचदा तिथेच मिटतात. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठलंही असो. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील लागत नाही, हे मी वकील असून सांगते. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षं.

सी-३०२ ताई, तुमची मागची दिवाळी म्हणजे तुम्ही अजून मुदतीत आहात. बिल शोधून ठेवा.

सी-३०२ · १०.३५
खरंच? मला वाटलं भरले म्हणजे संपलं. कपाटात बघते.

ए-४०१ · १०.३८
यातच एक विचारतो. पावसात पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा माझं इंजिन गेलं, विम्याने नाकारलं. त्यालाही हेच लागू का?

ए-२०१ · १०.४१
पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला होता का? पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असताना स्टार्ट केलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं. सर्व्हेयरचा रिपोर्ट घेऊन उद्या संध्याकाळी माझ्याकडे ये, सविस्तर बघू. इथे दोन विषय मिसळायला नकोत.

सेक्रेटरी · १०.४३
ताई, उद्या एकट्या जाऊ नका.

ए-२०१ · १०.४४
मी येतो. दहाला खाली थांब.

बी-१०३ · १०.४५
मी पण येतो काका. लिफ्टवर गाडी घ्यायला लावू.

— दुसरा दिवस —

बी-७०४ · दुपारी १.१८
आत्ताच घरी आलो, गाडीसकट. काका आणि दादा दोघांचे खूप आभार. ईमेल रात्रीच गेला होता, त्यामुळे मॅनेजर स्वतः आले. क्लीनिंगच्या तीनही ओळी काढल्या. फ्लश तक्त्यात कुठे आहे हे त्यांना दाखवता आलं नाही. सुधारित बिल १९,९४२.

ए-२०१ · १.२५
सस्पेन्शनचं मी सांगतो. जुने पार्ट त्यांनी ठेवले होते, ही चांगली गोष्ट. उजव्या आर्मचं बुश पूर्ण फाटलेलं होतं आणि बॉल जॉइंट हाताने हलत होता. तो बदलला ते शंभर टक्के बरोबर. डावा आर्म मी फिरवून पाहिला, घट्ट होता. तो बदलायची गरज नव्हती. “जोडीने बदलतो” हे त्यांचं उत्तर. लिंक रॉड दोन्ही गेलेले होते.

सी-५०५ · १.२८
डाव्या आर्मचं काय ठरलं?

बी-७०४ · १.३१
ते कमी करायला तयार नाहीत. २,६५० आणि टॅक्स, म्हणजे ३,१२७. हरकत नोंदवून भरलेत. गेटपासवरची समाधानाची ओळ खोडली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरला बोलावलं, पण शेवटी शिक्का मारून दिला. डावा आर्म डिकीत घालून आणलाय.

सी-५०५ · १.३४
छान. त्याचा बिलाशेजारी ठेवून फोटो काढा, त्यावरचा पार्ट नंबर दिसू दे. आज मॅनेजरला या एका आर्मपुरता ईमेल करा, पंधरा दिवस द्या. मग १९१५. मसुदा संध्याकाळी बसून करू.

सी-३०२ · १.४०
वहिनी, मी पण येते. बिल सापडलं.