साहित्याला जोड कलेच्या इतिहासाची की पर्यावरणशास्त्राची?

प्रश्न (सातारा): मुलीने बी.ए.ला मराठी साहित्य हा मुख्य विषय ठरवला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) म्हणून कलेचा इतिहास घ्यावा की पर्यावरणशास्त्र, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (औंध): कलेचा इतिहास केवळ पुस्तकातल्या छायाचित्रांवरून शिकला तर पाठांतरच होते. आमच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे शिल्प आहे. एवढा ऐवज जिल्ह्यातच असताना हा विषय सोडू नये.

उत्तर (सांगली): २०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या आम्हाला पर्यावरणशास्त्र ऐच्छिक वाटतच नाही, परंतु त्याचा पायाभूत अभ्यासक्रम पदवीला सर्वांनाच सक्तीचा आहे. म्हणून मायनर कलेचा घ्यावा. मात्र महाविद्यालयात तो शिकवणारे प्राध्यापक आहेत का, हे प्रवेशाआधी विचारावे.