नांगराची साखळी किती सोडली हे कसं मोजता? (सल्ला हवा)

कोरी_पाटी
मंडळी, ३६ फुटी शिडाची बोट आहे. साखळी ८ मिमीची, ५० मीटर, विंडलास (साखळी सोडणारं-ओढणारं यंत्र) विजेवर चालणारा. आधीच्या मालकाने साखळीवर रंगाच्या खुणा केल्या होत्या, आता रंग कुठला आणि गंज कुठला ते ओळखू येत नाही. म्हणून मी बटण दाबून मनात सेकंद मोजतो. परवा रात्री वारा फिरला आणि नांगर घसरला. सकाळी ओढून घेताना कळलं की ३० मीटर समजत होतो, बाहेर २०च होती. रंग, प्लास्टिकच्या खुणा की इलेक्ट्रॉनिक काउंटर? स्वतः वापरलेलंच सांगा.

वल्हं
सेकंद मोजणं आजपासून बंद. बॅटरी उतरली की विंडलास मंदावतो आणि तुमचं गणित तिथेच चुकतं.

खारट
तिन्ही वापरलंय.

रंग लावायचा तर आधी तारेच्या ब्रशने घासून तेलकटपणा काढा, साखळी पूर्ण वाळू द्या. एखादी कडी रंगवून भागत नाही, साखळी धावताना ती दिसतच नाही. निदान अर्धा मीटर पट्टा हवा. रंगांचा क्रम ठरवू नका, पट्टे मोजा: १० मीटरला एक, २० ला दोन, ३० ला तीन. क्रम ऐन वेळी हमखास विसरतो. शिवाय रात्री डोक्याला लाल दिवा लावून बघाल तर लाल आणि पांढरा पट्टा सारखेच दिसतात (हे मला नांगर टाकताना कळलं, आधी नाही). रंग विंडलासच्या खाचांत घासून जातोच, दर हंगामाला पुन्हा हात मारायची तयारी ठेवा.

कडीच्या पोटात बसणारे प्लास्टिकचे तुकडे जास्त टिकतात, पण साखळीच्या मापाचेच घ्या. सैल असले तर गळून पडतात, फुगीर असले तर साखळी खाचेत नीट बसत नाही.

काउंटर उत्तम, पण तो साखळी मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाकाला चुंबक, शेजारी सेन्सर. एका फेऱ्यात किती साखळी जाते तो आकडा चुकीचा भरला की सगळंच चुकतं. काही काउंटर दिशा बटणावरून ओळखतात, म्हणजे क्लच सैल करून साखळी हाताने सोडली की त्यांना वर-खाली कळत नाही. आणि खाऱ्या हवेत वायरींचे जोड कधी दगा देतील सांगता येत नाही. म्हणून आधी खुणा, मग काउंटर.

जहाजी
खारट यांना +१. मोठ्या जहाजांवर साखळी शॅकलमध्ये मोजतात (इथे शॅकल म्हणजे साखळीचा एक ठरावीक लांबीचा तुकडा), एक शॅकल २७.५ मीटर, म्हणजे १५ वाव. जितकावा जोड, जोडकडीच्या दोन्ही बाजूंना तितकावी कडी पांढरी, आणि तिच्या मधल्या दांडीला तार गुंडाळलेली. रंग गेला तरी तार हाताला लागते. तुमच्या कड्यांना मधली दांडी नसणार, पण केबल टाय बांधून शेपूट लांब ठेवलं तर अंधारात तेच काम होतं. तुटतात, म्हणून एका जागी दोन-तीन बांधा.

ओहोटी
@कोरी_पाटी, ३० मीटर तरी कुठून ठरवले होते? खोली किती होती?

कोरी_पाटी
यंत्रावर ४ मीटर. साखळी खोलीच्या पाचपट म्हणजे २०, वर १० जास्तीचे.

ओहोटी
मग ३० सुटली असती तरी कमीच होती. खोली मोजणारा सेन्सर पाण्याखाली समजा अर्धा मीटर, म्हणजे खरी खोली साडेचार. साखळी ज्यावरून बाहेर जाते त्या पुढच्या रोलरची पाण्यापासून उंची धरा १.२. भरतीला पाणी २.३ ने चढणार असेल तर बेरीज ८ मीटर. त्याच्या पाचपट ४०. वारा वाढणार असेल तर त्याहून जास्त.

कोरी_पाटी
😳 उंची आणि भरती धरलीच नव्हती. या रविवारी सगळी साखळी धक्क्यावर पसरून टेपने मोजतो, पट्टे आणि केबल टाय दोन्ही करतो. काउंटर पुढच्या हंगामात. एकच शंका, मोजणी कुठून सुरू करायची, नांगराच्या शॅकलपासून (नांगर साखळीला जोडणारी कडी) की नांगर पाण्याला टेकल्यापासून?

खारट
शॅकलपासून मोजा, आणि रोलरवरून किती गेली ते वाचा. ओहोटी यांच्या बेरजेत रोलरची उंची आधीच आहे, पुन्हा वजा करू नका. शेवटचे ५ मीटर मात्र पूर्ण रंगवा. आणि साखळी पसरलीच आहे तर तिचं आतलं टोक बोटीला दोराने बांधलंय ना ते बघा. कधी घाईने सोडून पळायची वेळ आली तर सुरीने कापता यायला हवं.

कोरी_पाटी
आत्ताच बघून आलो. शॅकल आहे, आणि तोही गंजून घट्ट बसलाय.