‘ट्रेन’, ‘व्हेल’ आणि ‘टियारा’ : शाही लग्नातील पोशाखासाठी मराठी शब्द

ब्रिटिश राजघराण्यातील लग्नाचे वर्णन मराठीत लिहायला घेतले की पहिल्याच परिच्छेदात लेखणी अडते, आणि अडते ती अगदी साध्या वस्तूंपाशी. २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये लेडी डायना स्पेन्सर यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांच्या मागे २५ फूट लांबीचे रेशमी कापड पायऱ्यांवरून सरकत होते. इंग्रजीत त्या कापडाला ‘ट्रेन’ म्हणतात. मराठीत ‘डायनाची २५ फुटांची ट्रेन’ असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी रुळांवरची गाडी येते. दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. ‘ओढत नेणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला, आणि पोशाखामागे ओढत येणाऱ्या कापडासाठी रूढ असलेले नाव पुढे इंजिनामागे ओढल्या जाणाऱ्या डब्यांनाही मिळाले. मराठीने मात्र त्यातला फक्त रेल्वेचा अर्थ घेतला.

तोंडावरून आणि पाठीवरून सोडलेल्या जाळीदार वस्त्राचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की ते ‘व्हेल’ होते आणि समुद्रातला देवमासा डोळ्यांसमोर येतो. ‘वेल’ लिहिले तर मांडवावर चढणारी वेल दिसते. ‘गाऊन’ची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. हा शब्द मराठी घरांत इतका मुरला आहे की त्याचा पहिला अर्थ घरात किंवा रात्री घालायचा सैल कपडा असाच होतो. ‘राजवधूचा गाऊन’ हे शब्द शेजारी ठेवले की वाचताना क्षणभर ठेच लागतेच. इंग्रजी शब्द जसाचा तसा ठेवण्याला माझा विरोध नाही, परंतु ज्या ठिकाणी तो आपल्या भाषेतल्या दुसऱ्याच वस्तूवर जाऊन बसतो, त्या ठिकाणी तो ठेवून चालत नाही.

मग पर्याय कसा निवडावा? माझे मत असे आहे की पोशाखाच्या बाबतीत नामाच्या आधी क्रियापद शोधावे. मराठीत अंगावर घेण्याच्या प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे क्रियापद आहे. साडी नेसतात, सदरा घालतात, शेला पांघरतात, मुंडावळ्या बांधतात, गजरा माळतात, तुरा खोवतात, दागिना लेतात किंवा घालतात, आणि डोक्यावर पदर घेतात. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण ती वस्तूचे नव्हे, तर वस्तू अंगाशी कशी जोडली जाते त्याचे वर्णन करतात. ‘केट मिडलटन यांनी पांढरा गाऊन नेसला होता’ हे वाक्य कानाला खटकते ते याच कारणाने : नेसायचे वस्त्र कमरेशी गुंडाळले जाते, आणि शिवलेला पोशाख अंगात घातला जातो. क्रियापद एकदा ठरले की नामाचे अर्धे काम झालेले असते.

या कसोटीवर ‘ट्रेन’ घासून पाहू. तिचे करतात काय? ती मागे लोळते, वळताना सावरावी लागते, जिना चढताना कोणीतरी उचलून धरावी लागते, गाडीतून उतरल्यावर पसरावी लागते. बातम्यांमध्ये तिला कधी ‘शेपटी’ म्हटलेले दिसते. शेपटी सावरत नाहीत आणि पसरतही नाहीत, त्यामुळे हा शब्द आकारापुरता बरोबर आणि वापरात चुकीचा ठरतो. ‘पदर’ अधिक जवळचा वाटतो, परंतु पदर हे नेसलेल्या वस्त्राचे खांद्यावरून येणारे टोक आहे आणि त्याच्याभोवती पदर ढळणे, पदर पसरणे, पदरात घेणे असे अर्थांचे मोठे कुटुंब उभे आहे. ‘घोळ’ हा कडेचा घेर सांगतो, मागची लांबी सांगत नाही. म्हणून ‘पायघोळ’ हे विशेषण संपूर्ण पोशाखाला द्यावे, या भागाला नव्हे. उरतो तो ‘सोगा’. धोतराचा सोगा हातात धरून चालणारी माणसे आता कमी दिसतात, पण शब्द अजून जिवंत आहे आणि त्याच्याबरोबर सगळी हवी ती क्रियापदे येतात : सोगा सोडणे, सोगा उचलणे, सोगा सावरणे. सोगा पुरुषाच्या वस्त्राचा असतो, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो निर्णायक वाटत नाही, कारण शब्दाचा गाभा ‘वस्त्राचे मोकळे, लोंबते टोक’ हा आहे. पहिल्या उल्लेखात ‘मागे लोळणारा सोगा’ असे लिहिले तर ज्याने हा शब्द ऐकलेला नाही त्यालाही तो समजेल.

१९८१ चाच प्रसंग या शब्दाने लिहून पाहावा. डायना आणि त्यांचे वडील ज्या काचेच्या घोडागाडीतून आले, ती गाडी एवढ्या कापडाच्या मानाने लहान होती. सोगा घड्या करून आत कोंबावा लागला, आणि कॅथेड्रलच्या पायऱ्यांपाशी तो बाहेर आला तेव्हा हस्तिदंती रंगाचा तो टॅफेटा, म्हणजे ताठ, चकचकीत रेशमी कापड, पार चुरगळलेला होता. पोशाख शिवणाऱ्या एलिझाबेथ आणि डेव्हिड इमॅन्युएल या जोडप्याला तो दारापाशी झटकून, ओढून, सरळ करावा लागला. इथे ‘सुरकुत्या’, ‘चुण्या’ आणि ‘निऱ्या’ यांतील भेदही सांभाळावा. निऱ्या हाताने घालतात, चुण्या शिवताना मुद्दाम धरतात, आणि सुरकुत्या नको असताना पडतात. डायनांच्या पोशाखाच्या बाह्यांना चुण्या होत्या, सोग्यावर सुरकुत्या पडल्या होत्या. एका शब्दाच्या चुकीने शिंप्याची कला आणि प्रवासाचा अपघात यांची अदलाबदल होते.

‘व्हेल’साठी ‘बुरखा’, ‘घुंगट’ आणि ‘अवगुंठन’ हे तीन शब्द सुचवले जातात. बुरखा हा सबंध अंग झाकणारा आणि एका धर्माच्या आचाराशी जोडलेला पोशाख आहे, म्हणून तो इथे नको. घुंगट ओढण्यामागे चेहरा इतरांपासून लपवण्याचा हेतू असतो, तर या जाळीतून चेहरा दिसणे अपेक्षितच असते. अवगुंठन हा शब्द कवितेत शोभतो, पण ‘अवगुंठन टियाऱ्याखाली पिनांनी अडकवले होते’ हे वाक्य चालत नाही. माझी पसंती ‘झिरझिरीत ओढणी’ला आहे. ओढणी हे स्वतंत्र वस्त्र आहे, ते डोक्यावरून घेतात, तोंडावर आले तर मागे सारतात, आणि त्याला काठ असतो. हा काठ फार उपयोगी पडतो. १९ मे २०१८ रोजी विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये मेगन मार्कल यांनी घेतलेली ओढणी ५ मीटर लांब होती आणि राष्ट्रकुलातील ५३ देशांची फुले-पाने तिच्या काठावर भरलेली होती. ‘व्हेलच्या कडेवर भरतकाम’ असे लिहिण्यापेक्षा ‘ओढणीच्या काठावर ५३ देशांची फुले’ असे लिहिले की मराठी वाचकाला काम कुठे आणि कसे केले आहे ते लगेच दिसते. त्या दिवशी चॅपलच्या पायऱ्यांवर दोन लहान मुलांनी मागून जे टोक उचलून धरले होते, ते या ओढणीचे होते. सोगा पोशाखाचा आणि ओढणी डोक्यावरची, एवढे लक्षात ठेवले तर ही गल्लत होणार नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला राजकन्या युजिनी यांनी आपल्या लग्नात ओढणी घेतलीच नाही, कारण लहानपणी झालेल्या पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेची खूण त्यांना झाकायची नव्हती. ‘ओढणी घेतली नाही’ हे वाक्य किती सहज येते ते पाहावे. ‘व्हेल परिधान केला नाही’ या वाक्यात तो सहजपणा नाही. (‘परिधान करणे’ हे सर्वत्र चालणारे क्रियापद आहे, आणि माझ्या मते तीच त्याची उणीव आहे. ते काहीच दाखवत नाही.)

आता टियारा. याच शब्दावर सर्वाधिक मतभेद होतात आणि इथे मी परक्या शब्दाच्या बाजूने आहे. ‘मुकुट’ हा मराठीत राज्याचा अधिकार सांगणारा शब्द आहे. २९ एप्रिल २०११ रोजी केट मिडलटन यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये घातलेला कार्टिअर या जवाहिऱ्यांचा टियारा १९३६ साली घडवलेला होता आणि तो राणी एलिझाबेथ यांच्या मालकीचा होता. ‘राणीने केटला मुकुट दिला’ असे लिहिले की या वाक्यातून सत्तांतराचा अर्थ निघतो, आणि घडलेले असते एवढेच की आजेसासूबाईंनी आपला दागिना लग्नापुरता वापरायला दिला. त्यासाठी मराठीत ‘घालायला दिला’ हा नेमका प्रयोग आहे. ‘दिला’ म्हणजे कायमचा, ‘घालायला दिला’ म्हणजे परत घेण्याच्या बोलीवर. ‘उसना’ हा शब्द इथे वापरू नये, कारण उसनवारीत गरजेची छटा आहे. डायना यांनी मात्र स्पेन्सर घराण्याचा टियारा घातला होता, म्हणजे आपल्या शब्दांत तो माहेरचा दागिना होता. इंग्रजीत हा भेद सांगायला अख्खे वाक्य लागते, आणि मराठीत ‘माहेरचा’ या एका विशेषणाने काम भागते.

‘शिरपेच’ पागोट्यावर बसतो, ‘किरीट’ देवाच्या मस्तकावर असतो, आणि ‘बिंदी-बिजवरा’ भांगातून कपाळावर उतरतो. टियारा केसांत बसवलेला, वर उभा राहणारा, पुढून अर्धवर्तुळाकार दिसणारा दागिना आहे, म्हणून यांपैकी एकही शब्द त्याला लागू पडत नाही. शब्द परका असला तरी व्याकरण आपले वापरावे. तो हिरा, बिजवरा यांच्यासारखा आकारान्त पुंल्लिंगी धरावा, म्हणजे ‘टियारे’, ‘टियाऱ्याचा’, ‘टियाऱ्याखाली’ ही रूपे आपोआप होतात. तो कोण घालते याची रीतही शब्दाबरोबर समजून घ्यावी. ब्रिटनमध्ये दिवसा होणाऱ्या लग्नात टियारा वधूच्या डोक्यावर असतो आणि पाहुण्या स्त्रिया हॅट घालतात. १९ जून २०१० रोजी स्टॉकहोममध्ये स्वीडनच्या युवराज्ञी व्हिक्टोरिया यांचे लग्न झाले, तेव्हा पाहुण्या राजस्त्रियांनीही टियारे घातले होते. सगळ्यांना ‘मुकुट’ म्हटले असते तर त्या वर्णनात कोण राज्य करते आहे हेच कळले नसते.

याच दागिन्याशी निगडित एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटते. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या (पुढे राणी) एलिझाबेथ लग्नासाठी तयार होत असताना त्यांच्या डोक्यावरच्या टियाऱ्याचा सांगाडा मोडला, आणि राजघराण्याच्या जवाहिऱ्याने तो तातडीने दुरुस्त करून दिला. आता मराठीत मंगल प्रसंगी बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात; मंगळसूत्रही ‘वाढवतात’. मग टियारा ‘वाढवला’ असे लिहावे का? मुळीच नाही. तो संकेत सौभाग्यचिन्हांचा आहे, आणि टियारा सौभाग्यचिन्ह नाही. इथे ‘मोडला’ हेच योग्य. आपली भाषा वापरायची, पण आपल्या विधींचा अर्थ दुसऱ्यांच्या वस्तूंवर लादायचा नाही, ही सीमा मला अतिशय महत्त्वाची वाटते.

फुलांच्या बाबतीत ही सीमा सहज पाळता येते. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीने लग्नात डोक्यावर राजमुकुट घातला नाही, संत्र्याच्या फुलांचे कडे घातले. फुले केसांत असल्यामुळे ‘माळली’ म्हणायलाही हरकत नाही. परंतु ‘संत्र्याचा मोहर’ असे कोणी लिहिलेले दिसले तर ते दुरुस्त करावे. मोहर आंब्याला येतो, संत्र्याला बहार येतो. राणीचा पांढरा सॅटिनचा पोशाख आणि त्यावरची हॉनिटन लेसची, म्हणजे हाताने विणलेल्या नाजूक जाळीची, रुंद झालर यांचा उल्लेख करताना ‘झालर’ हा शब्द निःशंकपणे वापरावा.

पाहुण्यांच्या पोशाखाकडे वळू. २०१८ मध्ये मेगन मार्कल यांच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर पुरुषांसाठी लष्करी गणवेश, मॉर्निंग कोट किंवा लाउंज सूट, आणि स्त्रियांसाठी दिवसाचा पोशाख व हॅट अशी सूचना होती. ‘मॉर्निंग कोट’चे ‘सकाळचा कोट’ असे भाषांतर करू नये, कारण तो दुपारच्या समारंभातही घालतात. पुढून कमरेपासून तिरका कापलेला आणि मागे लांब असलेला हा कोट आहे, असे एकदा सांगून मूळ शब्द ठेवावा. ‘लाउंज सूट’ म्हणजे आपण ज्याला नुसते ‘सूट’ म्हणतो तोच. ‘हॅट’ला ‘टोपी’ म्हणू नये. टोपीचा आकार वेगळा, आणि ‘टोपी घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ फसवणे असा होत असल्याने ‘पाहुण्यांनी टोप्या घातल्या’ हे वाक्य भलतीकडे जाते.

‘फॅसिनेटर’साठी मात्र मराठीत तयार शब्द आहे, आणि तो वापरलेला दिसत नाही याची मला खंत वाटते. पिसे, फुले, जाळी किंवा ताठ कापड यांची ही लहान रचना डोक्याच्या एका बाजूला क्लिपने किंवा कंगव्याने अडकवतात. अडकवतात म्हणजे खोवतात, आणि जो खोवतात तो ‘तुरा’. एकोणिसाव्या शतकात याच इंग्रजी शब्दाचा अर्थ डोक्यावरून घ्यायचे हलके विणलेले वस्त्र असा होता, म्हणजे मूळ भाषेतही तो एका वस्तूला बांधलेला राहिलेला नाही. हॅट आणि तुरा यांतला फरक तिकडेही नियमाने सांगावा लागतो : २०१२ पासून रॉयल ॲस्कॉट या घोड्यांच्या शर्यतींच्या राजकक्षात फॅसिनेटर चालत नाही, डोक्यावरच्या रचनेचा भरीव तळ किमान ४ इंचांचा असावा लागतो. २०११ च्या लग्नात राजकन्या बिअट्रिस यांनी लावलेली, हॅट घडवणारे कारागीर फिलिप ट्रेसी यांची उंच, वळणदार रचना पुढे लिलावात ८१ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली आणि ती रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्यात आली. तिला ‘टोपी’ म्हटले तर चित्र उभे राहत नाही. ‘कपाळावर उभा राहिलेला तुरा’ म्हटले की ती दिसते.

‘ब्राइड्समेड’ला ‘करवली’ म्हणावे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. करवली नात्यातली असते, तिकडे मैत्रीणही चालते. तरीही अलीकडच्या शाही लग्नांत बहुतेक वेळा लहान मुलीच या कामाला असतात आणि त्या वधूच्या मागेमागे सजून चालतात, हे करवलीच्या प्रतिमेशी इतके जुळते की मी दुसरा शब्द शोधणार नाही. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीचा सोगा १२ करवल्यांनी धरला होता, १९४७ मध्ये ८ करवल्या होत्या. ‘पाठराखीण’ हा शब्द मात्र टाळावा, कारण ती लग्नानंतर वधूबरोबर सासरी जाते. त्याच मिरवणुकीत चालणाऱ्या छोट्या मुलग्यांना ‘हुजरे’ म्हटलेले मी वाचले आहे. ती नात्यागोत्यातली, मित्रपरिवारातली मुले असतात, नोकर नव्हेत. म्हणून ‘करवली’चे पुंल्लिंगी रूप ‘करवला’ त्यांच्यासाठी वापरावे आणि ‘पाच करवल्या, दोन करवले’ असे सरळ लिहावे.