मागच्या चाकाचे स्पोक सारखे तुटत असतील तर

रोड सायकलचे मागचे स्पोक (चाकाच्या तारा) सारखे तुटतात, नवीन चाक कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. तुमचं वजन ९० किलोच्या पुढे आणि तरी लोक २० स्पोकवालं हलकं चाक सुचवतायत, हे काही पटत नाही बुवा. ३२ स्पोकचं साधं हाताने बांधलेलं चाक घ्या, थ्री क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडून जातो), डबल बटेड स्पोक (दोन्ही टोकांना जाड, मधे बारीक), आणि निपल (रिमपाशी स्पोक ताणायची छोटी नट) पितळेचेच, अ‍ॅल्युमिनियमचे घामाने नि पावसाने गंजून जाम होतात मग चाक ट्रू (सरळ) करायला गेलं की त्यांचे कोपरे झिजून गोल होऊन बसतात. हब (चाकाचा मधला तुंबा) शिमानो १०५ वगैरे चालेल, त्याचे कोन (बेअरिंगच्या गोळ्या धरणारे भाग) वेळेवर खोलून ग्रीस केले तर वर्षानुवर्षं जातो.

आणि स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा हबपाशी वाकतो तिथेच. कारण वजनापेक्षा ढिलेपणा. ढिला स्पोक प्रत्येक फेऱ्याला ताणतो-सुटतो, त्यात धातू थकतो. मागे कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूला ताण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतोच, पण एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडून बघा, आवाज साधारण सारखा यायला हवा, एखादा भद्द वाजला तर बांधणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवा.

रिम आतून १९ एमएम रुंद घ्या, २८ एमएमचा टायर मस्त बसतो, फक्त ब्रेकमध्ये आणि फ्रेममध्ये जागा आहे ना बघून घ्या. रोड सायकलला रिम ब्रेक (रिमवर घासणारा) असेल तर मागचा हब १३० एमएम रुंदीचा लागतो. हो, आणि कॅसेट १० स्पीडची असेल तर ११ स्पीडच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो) मागे १.८५ एमएमचा स्पेसर (जागा भरायची चकती) टाकायला सांगा, शिमानोच्या बहुतेक १० स्पीड कॅसेटला सोबत येणारा १ एमएमचाही, नाहीतर कॅसेट खुळखुळत राहील.