पर्थमधलं लाल फुलांचं झुडूप ओळखायला मदत हवी

नाशिकची_मी: नमस्कार मंडळी, काल बोल्ड पार्कमधे टेकडीच्या वाटेवर चुनखडीच्या दगडांत एक झुडूप दिसलं, माझ्या कमरेएवढं असेल, आणि ऐन जुलैच्या थंडी-पावसात लाल फुलांनी भरलेलं! लांबून बॉटलब्रशच वाटला पण जवळ गेले तर फूल वाटाण्याच्या घाटाचं, बोटाच्या दीड-दोन पेरांएवढं लांब, खालच्या पाकळ्या चोचीसारख्या पुढे आलेल्या, मला एकदम आपला पळसच आठवला. हे मूळचं इथलंच आहे का? नाव काय?

पर्थकर: रनिंग पोस्टमन असेल. केनेडिया. लाल आणि वाटाण्याच्या कुळातलं म्हटलं की इथे तेच.

रानवेडा: नाही हो, पोस्टमन जमिनीवर सरपटतो, कमरेएवढा उभा राहत नाही, आणि त्याला पळसासारखी तीन-तीन पानं. ताई, पानं बघितलीत का? सुटी की तीन-तीन? टोक कसं होतं?

नाशिकची_मी: फोटो झूम करून बघितला. पान एकेकटं, जाडसर, राखाडी झाक असलेलं हिरवं. टोकाला बारीकशी खाच आहे, आपट्याच्या पानासारखी पण तेवढी खोल नाही.

रानवेडा: मग नक्की टेम्पलटोनिया रेट्युसा! रेट्युसा म्हणजेच टोकाला खाच असलेलं. अस्सल इथलं झुडूप आहे, वेस्टर्न आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीला चुनखडीच्या जमिनीत वाढतं, हिवाळ्यात फुलतं. इथे कॉकीज टंग्ज म्हणतात, म्हणजे काकाकुवाची जीभ. आणि तुम्हाला पळस आठवला ते किती बरोबर आहे बघा, पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात, 'हा पोपट की काय' असं! दोन्ही फुलं पक्ष्यांसाठीच लाल, मध प्यायला तिकडे शिंजीर नि मैना येतात, इकडे हनीईटर. पुढच्या वेळी दहा मिनिटं शांत उभ्या राहा, दिसतील.

नाशिकची_मी: किती छान!! मला घरी लावायचंय, एखादी फांदी आणू का तिथून?

रानवेडा: नको नको, रानातली फांदी परवान्याशिवाय तोडायला कायद्याने बंदी आहे. स्थानिक झाडांच्या नर्सरीत रोप मिळतं. बी मिळालं तर कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा, कवच फार टणक असतं. पाणी साचेल तिथे मात्र लावू नका.

पर्थकर: अरे वा, हे माझ्या कुंपणाशी आहे की! इतकी वर्षं पोस्टमनच म्हणत होतो. आत्ताच जाऊन पानाची खाच बघून आलो.