रिझेंटमेंट: अढी, आकस, डूख की किल्मिष?

निशिगंध
समुपदेशनाच्या पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या क्षमेच्या ५ पायऱ्या त्यात आहेत: दुखावणारा प्रसंग नीट आठवायचा, समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं, परतफेड न मागता क्षमा द्यायची, ती लिहून किंवा कुणाला सांगून पक्की करायची, आणि राग पुन्हा उसळला तरी टिकवायची. 'रिझेंटमेंट'ला मी 'अढी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'राग' केलं. पण राग येतो नि जातो; इथला बसून राहतो. दुसरा शब्द? आणि 'लेट गो'ला 'सोडून देणे' चालेल?

कानामात्रा
'राग' नकोच. क्रियापदं बघा: राग येतो, अढी बसते, डूख धरतात, आकस ठेवतात, किल्मिष उरतं. डूख धरणारा बदल्याची वेळ शोधत असतो, म्हणून तो शब्द सापाला लावतात. अढीत बदला नसतो. जावेकडे हळदीकुंकवाला जायचं, वाण घ्यायचं, पण चहाला 'नको, आत्ताच झाला' म्हणून उठायचं, ती अढी. किल्मिषाचा प्रवास तर उलटा आहे. संस्कृतात किल्बिष म्हणजे पाप, म्हणजे करणाऱ्याचं. मराठीत ते दुखावलेल्याच्या मनात येऊन राहिलं.

मुळाक्षर
अढी पूर्वग्रहालाही म्हणतात. माणूस भेटायच्या आधीच त्याच्याबद्दल अढी असू शकते. पहिल्या पायरीला मात्र ठरावीक प्रसंग लागतो: कोण, कधी, कुठलं वाक्य बोललं. म्हणून 'आकस' घ्या. आणि 'माफ करणे' टाळा. तो अरबीतून आलेला. 'क्षमा' आपल्याकडे असताना कशाला?

दर्यावर्दी
प्रश्न शुद्धतेचा नाही, अर्थाचा आहे. कर्जमाफीला कर्जक्षमा म्हणून बघा! माफीत घेणं असतं आणि ते सोडलेलं असतं. 'क्षम्' म्हणजे सहन करणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. 'जरा खमा' मधलं खमणं त्यातलंच, धीर धरणं. म्हणजे तिसऱ्या पायरीला 'माफ केलं' बसतं, कारण तिथे हिशेब मिटतो. पाचवीला 'क्षमा', कारण तिथे रोज तग धरायचा असतो. दोन्ही शब्द हवेत.

वारणाकाठ
सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत दशलक्षण या दहा दिवसांच्या पर्वाचा पहिला धर्म 'उत्तम क्षमा', भाद्रपद शुद्ध ५ला. पर्व संपल्यावर क्षमावाणी, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. श्वेतांबर जैन क्षमा मागताना म्हणतात ते 'मिच्छा मि दुक्कडं' सुटं वाचा: माझं दुष्कृत मिथ्या होवो. यात सोडणं नाही, केलेलं निष्फळ होणं आहे. 'मिच्छामि' असं एकच क्रियापद समजून 'मी क्षमा मागतो' असा अर्थ लावतात, ते चूक.

उंबरठा
समुपदेशनाच्या बाजूने सांगतो, 'सोडून देणे' कृपा करून वापरू नका. 'जाऊ दे, सोडून दे' हे घरातली मोठी माणसं पहिल्याच दिवशी, दुखावलेल्याचं ऐकून न घेता म्हणतात. मग पहिली पायरी राहूनच जाते आणि तीच गोष्ट वर्षभराने भलत्या निमित्ताने बाहेर पडते. क्षमेवरच काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीत अख्खा पहिला टप्पा राग उघड करण्याचा आहे. प्रसंग विशेषणं न वापरता ४-५ वाक्यांत लिहायचा. 'तो नीच वागला' नव्हे; 'उसने घेतलेले १०,००० दिले नाहीत आणि चारचौघांत नाकारलं.' मग नेमकं काय गेलं ते लिहायचं: पैसे, की मान? क्षमा केली म्हणजे पुन्हा उसने द्यायचे असंही नाही. पुस्तिकेत हे ठळक लिहा. मी 'मन मोकळं होणे' म्हणेन.

कानामात्रा
मन मोकळं बोलूनही होतं. अढी 'जाते' हेच बरोबर. आंब्याची अढी आठवा: भाताच्या पेंढ्यात थर लावून झाकतात, आतल्या आत ऊब धरते. एक-दोन दिवसांनी उघडून नासका काढला नाही तर शेजारचेही जातात. मनातली अढी तिथूनच आली.

मुळाक्षर
आंब्याची ती 'आढी', आ दीर्घ. मनातली अढी पायाची. पायावर पाय टाकून बसतो, त्यालाही अढी घालणं म्हणतात. मूळ अर्थ आडवं येणं, गुंतणं.

कानामात्रा
आंब्याची अढीही सर्रास लिहितात. उच्चार गावागणिक बदलतो, त्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

वारणाकाठ
मराठवाड्या-विदर्भात आंब्यांसाठी 'माच' म्हणतात. शब्द आंब्यावरून मनात गेला असता तर तिकडे मनातही माच हवा होता. तिकडेही अढीच असते.

कानामात्रा
मनातली अढी पुस्तकांतून तिकडे गेली असेल. पेंढ्याऐवजी गवत घालतात तिथे काय म्हणतात, कुणी सांगेल?