शिमगा गेला, कवित्व राहिलं: आप्पांच्या फाकांवर खरंच केस होते का?

परळचा_पोऱ्या

मंडळी सल्ला पाहिजे, आणि जरा लवकर पाहिजे, रविवारी सोसायटीची मीटिंग लावलीय.

आमची चाळ लालबागची, आता तिथे बावीस मजली टॉवर आहे. जुने भाडेकरू एका विंगमध्ये, विकत घेऊन आलेले दुसऱ्या. माझे चुलत आजोबा, आप्पा, वय ७९, गाव संगमेश्वर तालुक्यात, १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात (मागांवर) होते. ह्या होळीला दहा वाजता डीजे बंद झाला, लोक फोटो काढून वर जायला लागले, आणि तोपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीत गप्प बसलेला हा माणूस उठला, आगीजवळ गेला, तोंडावर हात नेऊन एक बोंब ठोकली आणि फाका, म्हणजे शिमग्याच्या शिवराळ आरोळ्या, घालायला सुरुवात केली. गावच्या, अस्सल. कोकणातल्यांना सांगायला नको, कमरेच्या वरचं त्यात काहीच नसतं. आमच्या विंगमधली म्हातारी माणसं मागून साथ द्यायला लागली, माझी आजी पदर तोंडाला लावून हसत होती. मी मोबाईलवर एक मिनिट चाळीस सेकंद घेतलं आणि इन्स्टावर टाकलं, 'गिरणगावातला शेवटचा शिमगा' म्हणून.

तो पसरला. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: सदर व्हिडिओ अश्लील असून सोसायटीची बदनामी करणारा आहे, ६६ए आणि २९४ खाली सायबरला तक्रार करणार. आप्पांना अजून सांगितलेलं नाही, त्यांचं बीपी.

आता प्रश्न. एक, हा खरंच गुन्हा आहे का? आणि दुसरा मला जास्त छळतोय, अश्लील ठरवायचं कोणी, आमच्या विंगने की त्यांच्या?

काळा_कोट

आधी घाबरायचं ते थांबवा. ६६ए, म्हणजे आयटी ॲक्टचं ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजचं कलम, मेलंय. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. ते गाजलंच मुळी आपल्या पालघरमुळे, २०१२ मध्ये दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून उचललं होतं. मेलेल्या कलमाची भीती घालणारे सेक्रेटरी सगळीकडे आहेत, आमच्याकडेही एक आहे.

२९४ ची तर वेगळीच गंमत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, नंबर सगळे हलले. जुनं २९२, म्हणजे अश्लील पुस्तकं चित्रं वगैरे, ते आता २९४ आणि जुनं २९४, म्हणजे चारचौघांत अश्लील गाणी-चाळे, ते आता २९६. मेसेज लिहिणाऱ्याला कुठलं म्हणायचंय ते त्यालाच विचारा.

तुम्हाला लागू शकेल असं कलम आहे आयटी ॲक्टचं ६७. मोबाईल-नेटवरचं असेल तर तेच लागतं, पुस्तकांचं कलम लावता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. दखलपात्र आहे पण जामीनपात्र, तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही.

आता अश्लील म्हणजे काय. आपण कितीतरी वर्षं १८६८ चा इंग्लंडचा हिकलिनचा निकष चालवला, की ज्याचं मन बिघडण्यासारखं आहे त्याच्या हातात हे पडलं तर काय होईल. त्यावरच १९६४ मध्ये मुंबईतल्या एका बुकस्टॉलवाल्याची शिक्षा कायम झाली. २०१४ ला कोर्टाने तो सोडला आणि म्हणाले आजच्या समाजाचे मापदंड बघा, सगळं एकत्र वाचा, एक तुकडा काढून नको. आणि मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' वेब सिरीजच्या केसमध्ये तर स्पष्टच, शिव्या आणि असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, ऐकून किळस येईल पण किळस हा गुन्हा नाही.

अजून एक, जे आमच्यातल्याही बऱ्याच जणांनी नीट वाचलेलं नसतं. ६७ब, म्हणजे लहान मुलांच्या अश्लील चित्रणाचं कलम, त्याच्या शेवटी एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे आणि ते ६७ ला पण लागतं. साहित्य, कला, शास्त्र यांना सूट, आणि प्रामाणिकपणे वारसा किंवा धार्मिक कारणासाठी असेल तर त्यालाही. शिमगा वारसा नाही तर काय आहे? मी तुमच्या बाजूने उभा राहिलो तर पहिलं हेच वाचून दाखवीन.

चिवडा_कमी_तिखट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाय द वे, 'होळी रे होळी पुरणाची पोळी, साहेबाच्या पोटात बंदुकीची गोळी'. लहानपणी कोणाच्या चाळीत 'पोटात' म्हणायचे, हात वर करा.

दोन_मुलांचा_बाप

शिव्या खाणार हे माहीत आहे तरी लिहितो. मी पण चाळीतलाच, करी रोडचा, गाव गुहागर. फाका मलाही पाठ आहेत. पण काळा कोट साहेब, गावात त्याला हद्द असते की नाही? होळीच्या आगीपाशी जे बोलायचं ते बोला, एकदा पालखी दारात आली की तोंड साफ, नारळ ओटी आणि नमस्कार. पाच-पंधरा दिवसांचा खेळ. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ते बाजारात बोलला तर गावच त्याला धुतं. गावानेच ती सूट दिलीय आणि ती मोजून दिलीय.

पोऱ्याने काय केलं, आगीपासून ते उचलून बाराही महिने सगळ्यांच्या खिशात टाकलं. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, मराठी शाळेत आहे, तिला ते व्हॉट्सॅपवर मैत्रिणीकडून आलं. तिने मला एका शब्दाचा अर्थ विचारला, जेवताना. मी भाजीत बघत बसलो. केस करा असं मी म्हणत नाही पण 'आमची संस्कृती आहे' म्हणून उडवून पण लावू नका. संस्कृती तर सोवळं-ओवळं पण होती.

जुना_रद्दीवाला

ह्या शहरात हा वाद नवा आहे असं कोणी समजू नये. र. धों. कर्वे इथेच गिरगावात 'समाजस्वास्थ्य' काढायचे, १९२७ ते १९५३. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण याबद्दल साध्या मराठीत लिहिलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हरले ते, दंड झाला. ज्याला तेव्हा अश्लील म्हणाले ते आज डॉक्टर टीव्हीवर बसून सांगतात.

मग 'रंभा' चा १९६२ चा दिवाळी अंक. त्यातल्या एका कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर केस, खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने २५ रुपये दंड केला, सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये परत सोडलं. पंचवीस रुपयांच्या दंडासाठी सात वर्षं. बुटांच्या जाहिरातीतल्या त्या मिलिंद सोमण-मधू सप्रेच्या फोटोची केस १९९५ ची, निर्दोष सुटले २००९ मध्ये. अकबर पदमसींची चित्रं १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतून पोलिसांनी उचलली, ते केस जिंकले. आणि सत्तर वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच पदमसींची आणि सूझांची चित्रं मुंबई कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवून ठेवली! हायकोर्टाला सांगावं लागलं की प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं. चित्रकार दोघंही तोपर्यंत गेलेले.

तेव्हा निकाल आपल्या बाजूने लागेलही. तो लागेपर्यंत आप्पा ९३ चे होतील.

दोन_मुलांचा_बाप

रद्दीवाले काका तुमच्याबद्दल आदर आहे पण रधों आणि आप्पांच्या शिव्या एका तागडीत? रधों बायकांच्या भल्यासाठी बोलत होते. फाका कशासाठी असतात?

सातरस्ता_उतरणार

बापांनी शेवटचं वाक्य लिहिलं म्हणून लॉगिन केलं, नाहीतर वाचून सोडणार होते.

मला अश्लील या शब्दाचा कंटाळा आलाय. मी पण गिरणगावातलीच. होळीच्या रात्री आम्ही मुली घरात, दाराला कडी, आणि खालून गॅलरीकडे बघून फाका चालायच्या. गाव-वारसा सगळं मान्य, पण त्यात नाव असायचं. अमक्याची बायको, तमक्याची पोर, तिसऱ्या माळ्यावरची. मी नववीत होते तेव्हा एकदा माझं नाव आलं. बाकी सगळे हसले, माझा भाऊ पण हसला, त्याला न हसून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळावर जाताना माझे पाय जड झाले होते, एवढंच आठवतंय.

आणि कायद्याचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी माझा फोटो कोणीतरी भलत्याच फोटोला जोडून ऑफिसच्या ग्रुपवर फिरवला, मी स्टेशनला गेले तर तिथले साहेब पहिलं काय बोलले, 'मॅडम यात अश्लील असं काय आहे, कपडे तर आहेत'. म्हणजे अंगावर कपडे होते म्हणून माझं काही झालंच नाही! हेच कायद्याचं मला खटकतं. तो बघतो की समाजाचं मन बिघडलं का. माझं काय झालं ते त्याच्या खिजगणतीत नाही.

तेव्हा पोऱ्या, मला एकच सांग. त्या एक मिनिट चाळीस सेकंदात कोणाचं नाव आहे का?

काळा_कोट

ताई, तुमच्या बाबतीत ते साहेब चुकलेच. बाईच्या अब्रूला धक्का लावायच्या हेतूने शब्द, हावभाव, चित्र वापरलं तर न्याय संहितेचं ७९, जुनं ५०९, आहे ना, त्यात अश्लील असण्याची अट नाही. आणि प्रश्न बरोबर विचारलात. मीच आधी विचारायला हवा होता. नाव घेतलं की माझं वारशाचं भाषण निम्मं गळतं.

जुना_रद्दीवाला

नावावरून आठवलं. वसंत गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेची केस. १९९४ मध्ये बँक कर्मचारी युनियनच्या अंकात छापलेली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल. संपादक-प्रकाशक माफी मागितल्यामुळे सुटले, कवीला म्हणाले खटल्याला सामोरे जा. कारण तेच, एखाद्या थोर ऐतिहासिक माणसाच्या तोंडी तसले शब्द घातले की निकष जास्त कडक. मला तो निकाल पटलेला नाही, पण आहे. मजा बघा, गांधींसाठी कोर्ट एवढं हळवं, आणि तिसऱ्या माळ्यावरच्या बाईचं नाव कोणी विचारत नाही.

परळचा_पोऱ्या

उशीर झाला, सॉरी. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून हेडफोन लावून परत ऐकलं. एक मिनिट दहाव्या सेकंदाला आहे. मला हसण्याच्या आवाजात कळलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळलं असतं तरी मी कापलं नसतं, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक हसतात. आप्पा जुन्या चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या एका काकूंचं नाव घेतात. त्या वारल्या त्याला पंधरा वर्षं झाली. त्यांचा मुलगा-सून चौदाव्या मजल्यावर आहेत, आमच्याच विंगमध्ये.

आणि ग्रुपवरचा तो मेसेज, मी इतके दिवस समजत होतो दुसऱ्या विंगमधल्या कोणाच्या सांगण्यावरून आला, म्हणून तो आमची विंग-त्यांची विंग प्रश्न. आज सेक्रेटरींना विचारलं. तक्रार ह्या काकूंच्या मुलाने केली होती. त्याला आईचं नाव आहे असं लिहायची लाज वाटली म्हणून 'अश्लील' लिहिलं.

व्हिडिओ काढलाय. लोकांनी आधीच सेव्ह केलाय त्याचं काय करणार, ते माझ्या हातात नाही. संध्याकाळी आप्पांना घेऊन चौदाव्यावर जातोय.

सातरस्ता_उतरणार

काढलास हे बरं केलंस. बाकी शिमगा ठेव, तो भाग कापून परत टाक, माझी हरकत नाही. माझी कोणी विचारलीय असंही नाही म्हणा.

दोन_मुलांचा_बाप

माझी आहे अजून. पण आप्पांना नमस्कार सांगा.

परळचा_पोऱ्या

जाऊन आलो. दादा आधी बोललाच नाही, दारातच उभा. आप्पा आत जाऊन काकूंच्या फोटोसमोर उभे राहिले आणि चुकलं म्हणाले, फोटोला. मग तोच म्हणाला बसा. वहिनीने चहा केला. आणि चहा देता देता ती काय बोलली माहितीये, म्हणे सासूबाई सांगायच्या, त्या वर्षी आप्पांनी नाव घेतल्यावर त्यांनी गॅलरीतून त्याच चालीत उत्तर दिलं होतं, आणि आप्पांनी पुढे दोन होळ्या आमच्या चाळीसमोर तोंड उघडलं नव्हतं. 'ते नाही का रेकॉर्ड केलंत?' आप्पा खाली बघून हसत होते. म्हणजे खरं असणार.

मीटिंग रद्द. वहिनीला ते उत्तर पाठ आहे.

चिवडा_कमी_तिखट

मग टाका की इथे!!

परळचा_पोऱ्या

वहिनीने कानात सांगितलंय. दादाने फोन बाहेर ठेवायला लावला होता. ते टाकलं तर ६७ नाही, ६७अ लागेल, उघड लैंगिक मजकुराचं.

काळा_कोट

६७अ अजामीनपात्र आहे, आत्ताच सांगून ठेवतो. व्यनि (खासगी निरोप) करा.